साखळीनं आखलेलं मैदान

मैदानावर जी पांढरी पूड मारतात तिला फक्की म्हणतात. इथूनच सुरुवात करतो, कारण या अंकाच्या संपादकांनी मला बजावलंय, "तात्या, वाचणाऱ्याला तुमच्या कामातलं काही ठाऊक नाही असं धरून लिहा." संपादक आमच्याच कॉलेजचे विद्यार्थी. तीन वर्षं मैदानाच्या कडेला लिंबाखाली बसून काढली त्यांनी. फक्की कशाला म्हणतात हे त्यांनाही परवाच कळलं.

मी इंदापूरच्या एका कॉलेजात सव्वीस वर्षं ग्राउंडमन होतो. हजेरीपुस्तकात माझ्या नावापुढे 'शिपाई' असंच होतं, पण मला घंटा द्यायला किंवा फायली उचलायला कुणी सांगितलं तर मी ऐकू न आल्यासारखं करायचो. माझं काम मैदान. आमची जमीन काळी. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पावसाळ्यात बुटाला किलोभर चिखल. त्यावर मुरूम टाकायचा, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा आणि मग रेघा. सरळ रेघ मारायची तर पायाकडे बघून चालत नाही. दोन टोकांना खुंट्या, मध्ये ताणलेली सुतळी, आणि नजर लांबच्या खुंटीवर. फक्कीचा डबा हातानं आपसूक हलत राहतो. कोपरा काटकोनात आला का ते बघायला तीन, चार आणि पाच हात अशा गाठी मारलेली दोरी. गोलची जाळी आम्ही डाळिंबाच्या बागेवर पाखरांसाठी टाकतात त्या जाळीची शिवली होती. स्वस्तही नव्हती आणि टिकलीही नाही, पण दिसायची झकास.

माझ्या रेघांचं नाव होतं. लग्नाचा मांडव असो, जनावरांचं प्रदर्शन असो, आखायला तात्याच लागायचे. एकदा निवडणुकीत एका पुढाऱ्यांचं हेलिकॉप्टर आमच्या मैदानावर उतरणार होतं. मोठं वर्तुळ आणि आत इंग्रजी एच काढायचा होता. मी दोन तास खपून असा एच काढला की बांधकाम खात्याच्या साहेबांनी त्याचा फोटो घेतला. हेलिकॉप्टर खाली आलं, वारा सुटला, आणि टेकायच्या आधीच माझा सगळा एच हार घेऊन उभ्या असलेल्या स्वागत समितीच्या अंगावर जाऊन बसला. मंडळी आधीच पांढऱ्या कपड्यांत होती म्हणून निभावलं.

आता फुटबॉलचं सांगतो. आमचा मुलूख कबड्डीचा आणि कुस्तीचा. मी नोकरीला लागलो तेव्हा कॉलेजात फुटबॉलचं मैदानच नव्हतं. तेव्हाचे क्रीडा संचालक काळे सर हाडाचे कबड्डीवाले. विद्यापीठानं फुटबॉलचा संघ काढा म्हणून कळवलं, तेव्हा त्यांनी माझ्या हातात मैदानाच्या नकाशाची एक झेरॉक्स ठेवली. "हे असं आखायचं तात्या. आकडे घातलेत त्यात."

आकडे होते, पण आकड्यांपुढची अक्षरं झेरॉक्समध्ये उडालेली. गोलपासून पुढे साडेपाच, अकरा आणि साडेसोळा. आता माझा बाप मोजणीवाल्यांबरोबर साखळी धरायला जायचा. आमच्या घरात ती तेहतीस फुटांची लोखंडी साखळी होती. तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद म्हणजे एक गुंठा, हे इकडच्या पोराला पाढ्यांच्या आधी येतं. आणि तेहतीस फूट म्हणजे अकरा वार. मी नकाशा बघितला आणि हरखलोच. साडेपाच म्हणजे अर्धी साखळी, अकरा म्हणजे एक, साडेसोळा म्हणजे दीड! इतकं चपखल बसल्यावर माणूस शंका कशाला घेईल? मला वाटलं, फुटबॉल ज्यानं शोधला त्याची शेती असणार. बापाची साखळी आणली आणि मैदान आखलं. जिथून पेनल्टी मारतात तो ठिपका गोलपासून बरोबर एक साखळी. गोलचे खांब तेवढे पुण्याहून तयार आले होते.

संघ सुरू झाला. आमची पोरं दरवर्षी दोन-तीन सामने बरे खेळायची. सामना बरोबरीत सुटला की दोन्ही संघांनी पाच-पाच पेनल्टी मारायच्या असतात. तिथं आली की आमची हटकून हरायची. परत आली की म्हणायची, "तात्या, तितला गोल लांब वाटतोय." मी म्हणायचो, "परक्या गावात समदंच लांब वाटतं."

संतोष माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा. गाव सांगवी, बारामतीच्या पलीकडे. बारावीनंतर शिकायला आमच्या घरी राहिला. मला मूलबाळ नाही, त्यामुळे तो भाचा कमी आणि मुलगा जास्त होता. सकाळी माझ्याबरोबर मैदानावर यायचा, सुतळीचं दुसरं टोक धरायचा आणि मग खेळायचा. डाव्या पायाचा होता. दुसऱ्या वर्षी बारामतीच्या विभागीय स्पर्धेत आमचा संघ पहिल्यांदा उपांत्य सामन्यापर्यंत गेला. बरोबरी झाली. पेनल्टीत आमच्या पहिल्या चौघांनी चारही गोल घातले. पाचवा संतोष. त्यानं आमच्या मैदानावर शंभरदा मारली होती तशीच वरच्या कोपऱ्यात मारली, आणि बॉल आडव्या दांड्याच्या वरून वीतभर अंतरानं गेला. आम्ही हरलो.

कॉलेजात त्याला पुष्कळ जणांनी पुष्कळ ऐकवलं. महिनाभरात त्यानं आपली पेटी उचलली आणि मित्राच्या खोलीवर राहायला गेला. पदवी घेतली, सांगवीला गेला, शेडनेट उभारून ढोबळी मिरची करायला लागला. लग्नकार्यात भेटला की वाकून नमस्कार करायचा, "बरं हाय का मामा" म्हणायचा आणि दुसऱ्या पंगतीला जाऊन बसायचा. असं दहा-अकरा वर्षं चाललं. माझी बायको म्हणायची, बोलून घ्या एकदा. मी म्हणायचो, मी काय केलंय?

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी नवे कोच आले. सुतार सर, कोल्हापूरचे. कोल्हापुरात फुटबॉलचं वेड किती हे मी ऐकून होतो, पण सर दिसायला अगदीच किरकोळ. बुटके, टक्कल पडलेले, पायात साध्या चपला. पहिल्या दिवशी त्यांनी चपला काढल्या आणि सगळं मैदान अनवाणी फिरून आले. मग माझ्यापाशी येऊन म्हणाले, "जमीन झ्याक राखलीया तात्या. पोरं किती येत्यात?"

"यादीत बावीस."

"यादीतली न्हवं ओ. मैदानात."

"नऊ. पाळी नसली तर तेरा."

"कसली पाळी?"

मी सांगितलं. कालव्याचं पाणी प्रत्येकाला ठरल्या वेळी मिळतं. घरची पाळी आली की पोरगं उसात दारं धरायला जातं, म्हणजे फावडं घेऊन एका सरीतलं पाणी दुसऱ्या सरीत वळवत उभं राहतं. त्यापुढे फुटबॉल काय आणि परीक्षा काय. सर हसले. "आमच्याकडंबी पाळी असतीया. खरं तितं म्याच असली की बाप पोराला सोडतोय, आन् सवता बघाय येतोय." सरांचं 'खरं' म्हणजे आपलं 'पण', हे समजून घ्यायला पोरांना आठवडा लागला.

आधीचे सर न येणाऱ्या पोरांना नोटिसा द्यायचे. या माणसानं वही काढली आणि माझ्याकडून कुणाच्या घरची पाळी कधी ते लिहून घेतलं. कालव्याच्या वरच्या अंगाची पोरं एका गटात, खालच्या अंगाची दुसऱ्या. एका गटाला पाणी असलं की दुसऱ्याचा सराव. दोन्ही मोकळी असली की वरचा कालवा विरुद्ध खालचा कालवा असा सामना. पाण्यावरून ज्यांच्या बापांची भांडणं होती ती पोरं त्या सामन्यात अशी खेळायची की बघायला प्राध्यापक येऊन उभे राहायचे. पंधरा दिवसांत मैदानात अठरा पोरं दिसायला लागली. मला हे आवडत होतं आणि थोडं खुपतही होतं. सव्वीस वर्षं त्या पाळ्या मला तोंडपाठ होत्या, आणि वही काढायचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये बारामतीला सरावाचा सामना झाला. शेवटी सरांनी मुद्दाम पेनल्टी मारायला लावल्या. पाचातल्या तीन हुकल्या. परत येताना पोरं आपलं नेहमीचं बोलली, तितला गोल लांब वाटतोय.  दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी फक्की मारत होतो तर सर टेप घेऊन हजर.

"तात्या, जरा हे टोक धरा."

मी गोलच्या रेघेवर टोक धरलं. सरांनी ठिपक्यापर्यंत टेप नेला, वाकून बघितलं, टेप गुंडाळला आणि पुन्हा मोजलं.

"धा मीटर सा सेंटिमीटर. अकरा पायजे."

"अकराच हाय," मी म्हणालो. "अकरा वार."

"वार न्हवं ओ तात्या. मीटर."

मला राग आला. राग मला पटकन येतो. मी म्हणालो, "तुमचा टेप ताणलाय. रबरागत झालाय त्यो." आणि तरातरा जाऊन खोलीतून साखळी आणली. आम्ही साखळी टाकली, तिच्या बाजूला टेप टाकला. साखळी बरोबर तेहतीस फूट होती. तिची काहीच चूक नव्हती. अकरा मीटर म्हणजे छत्तीस फूट, एवढाच तिचा-माझा घोटाळा. ठिपका तीन फूट जवळ, गोलपुढची सगळी चौकट त्याच मापानं आखूड.

सरांनी साखळी हातात घेऊन कडी न् कडी बघितली. "लई जुनी हाय. जपून ठेवा," म्हणाले. मला वाटलं आता ते पायानं ठिपका पुसतील. त्यांनी तसं केलं नाही. घड्याळ बघून म्हणाले, "पोरं सातला येत्यात. तुमचं तुमी बघा. मी च्या पिऊन येतो." आणि गेले.

मी एकटाच उभा राहिलो. एवढ्या वर्षांत किती पोरं त्या ठिपक्यावरून सराव करून बाहेर जाऊन हरली असतील. पण खोटं कशाला सांगू, मला त्यातलं एकच दिसत होतं. तीन फूट जवळून जो बॉल वरच्या कोपऱ्यात बसतो तो तीन फूट लांबून दांड्याच्या वरून जाणार, हे कळायला शाळा लागत नाही. माझ्या हाताच्या चुकीपायी माझा संतोष बोलणी खाऊन घरातून गेला होता.  मी पाणी मारून जुन्या रेघा मोडल्या आणि टेप लावून नव्या मारल्या.  माझ्या नोकरीतल्या सगळ्यात वाईट रेघा त्या दिवशीच्या.

पोरं आली. एकजण म्हणाला, "तात्या, चौकट मोठी झाली व्हय?" मी म्हणालो, "तुमी बारकी झालाय. पळा." त्या दिवशी सगळ्यांच्या पेनल्टी हुकल्या. दांड्यावरून जाणारे बॉल आणता आणता मीच दमलो.

पुढचे आठ दिवस मी सरांशी कामापुरतं बोललो. चूक झेरॉक्सची, चूक काळे सरांची, असं मनाशी घोळवून बघितलं. त्यानं काही भागेना. शेवटी टपरीवर चहा पिताना सरांना संतोषचं सगळं सांगितलं.

त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्याला सांगितलासा काय?"

"न्हाय."

"मग मला कशाला सांगतायसा?"

हा प्रश्न मी दीड महिना खिशात घालून फिरलो. फोन हातात घ्यायचा, ठेवायचा. सांगितलं तर तो म्हणेल, अकरा वर्षांनी सुचलं का? नाही सांगितलं तर मी निवृत्त होणार, सत्कार होणार, माझ्या रेघांबद्दल भाषणं होणार आणि मी हार घालून ती ऐकणार. ते काही मला झेपलं नसतं.

विभागीय स्पर्धा बारामतीलाच होती. आमची पोरं पहिले तीन सामने जिंकली. तिसऱ्यात तर वरच्या कालव्याच्या पोरानं पास दिला आणि खालच्या कालव्याच्यानं गोल घातला, आणि दोघांचे बाप, जे पाण्यावरून पोलीस ठाण्यापर्यंत गेले होते, एकाच बाकावरून उठून ओरडले. पुन्हा उपांत्य सामना. आदल्या दिवशी मी संतोषला फोन केला.

"उद्या बारामतीत म्याच हाय. येतोस का?"

 "उद्या मिरचीचा तोडा हाय मामा."

"बरं," म्हणालो आणि ठेवून दिला.

सामन्याच्या दिवशी दुसऱ्या हाफला मी सहज पलीकडे बघितलं तर तारेच्या कुंपणाबाहेर तो मोटारसायकलला टेकून उभा होता. शर्टाला मिरचीच्या पानांचे हिरवे डाग होते. तोडा अर्धा टाकून आला होता.

एक-एक बरोबरी झाली. पेनल्टी. मी मनात म्हटलं, या खेपेला माझी रेघ बरोबर आहे, आता काय व्हायचं ते होवो. समोरच्यांनी पाचही घातल्या. आमच्या दोघांनी घातल्या. तिसरा अक्षय. चांगला पोरगा, आमच्या बरोबर मापाच्या ठिपक्यावरून दोन महिने रोज पन्नास पेनल्टी मारलेला. त्याची खांबाला लागून बाहेर आली. पुढच्या दोघांनी घातल्या, पण चाराला पाच. आम्ही हरलो.

अक्षय तिथंच मैदानात मटकन बसला. बाकीची पोरं पिशव्या भरायला लागली. सुतार सर हळूहळू चालत त्याच्यापाशी गेले आणि त्याच्या शेजारी मांडी घालून बसले. खिशातून शेंगदाण्याची पुडी काढली, दोघांच्या मध्ये ठेवली. मी जवळून, सवयीनं सोबत आणलेला, फक्कीचा डबा उचलत होतो, म्हणून ऐकू आलं. सरांनी विचारलं, "सकाळी जेवलावतास काय?" एवढंच. पोरगं रडायला लागलं. टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला, दोनदा दिला. सर उठले नाहीत.

मी कुंपणापाशी गेलो. संतोष तारेच्या पलीकडे, मी अलीकडे. मनात घोळवून ठेवलेलं सगळं एका दमात बोललो. "संतोष, तुझ्या वेळंला आपला ठिपका चुकला हुता. तीन फूट जवळ हुता. मी आखल्याला. तुझी काय चूक न्हवती. दोष माझा हाय."

"चुकला कसा?"

"साखळीनं मोजला. अकरा वार धरलं. मीटर हुतं."

"आज्याच्या साखळीनं?" त्याला हसू आलं. मग म्हणाला, "पर मामा, बाकीच्या चौघांनी घातलंच की. त्यांचाबी ठिपका त्योच हुता."

 दीड महिना मी सगळी वाक्यं जुळवली होती, हे एक डोक्यात आलं नव्हतं.

"बॉल मीच घालवला," तो म्हणाला. "रेघेचं मला काय न्हाय." तो माझ्याकडे बघत नव्हता. मैदानाच्या मध्यात बसलेल्या त्या दोघांकडे बघत होता. "त्या दिशी टेम्पोत तुमी म्होरं डायवरपाशी जाऊन बसला. दर खेपंला माझ्याशेजारी मागं बसायचा. इंदापूर येईस्तवर मी बघत हुतो, एकदा तरी वळून बघत्याल. घरी आल्याव मामीनं ताटं वाढली तर तुमी तुमचं ताट उचलून वसरीला नेलं. महिनाभर तसंच जेवला. बोलला असता तर बरं हुतं मामा. श्या दिल्या असत्या तरी चाललं असतं."

मला ते आठवत नव्हतं असं म्हणणार होतो, पण आठवत होतं. लख्ख आठवत होतं. तेव्हा मी स्वतःला सांगायचो की पोराला उगाच बोलून दुखवू नये म्हणून गप्प आहे. खरं कारण वेगळं होतं. मैदानावरच्या सगळ्यांना तो माझा म्हणून ठाऊक होता आणि मला त्याची लाज वाटली होती. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

टेम्पोनं पुन्हा हॉर्न दिला. मी फाटकातून बाहेर आलो आणि फक्कीचा डबा एका पोराच्या हातात दिला. म्हणालो, "तुमी व्हा म्होरं. सरांना सांगा, मी सांगवीला निघालोय."

 संतोषनं गाडीला किक मारली आणि सीटवर पुढे सरकून जागा केली. मी मागे बसलो. गाव मागे पडलं, नीरेच्या अंगाचा ऊस दोन्ही बाजूंनी लागला. तिथं कुठंतरी मी म्हणालो, "माझं चुकलं रं बाबा." गाडीचा आवाज, समोरचा वारा. त्याला ऐकू गेलं नसावं असं वाटलं, म्हणून त्याच्या खांद्यावर हात ठेवून कानाशी तोंड नेलं आणि परत मोठ्यानं म्हणालो.

"मगाशीच ऐकलं मामा," तो म्हणाला, आणि गाडी हळू केली.